रोहूला लाल टॅग

आता काय सांगू तुम्हाला! हसा खुशाल, फक्त चहा सांडू नका. चाकणच्या कंपनीत पंधरा वर्षं क्वालिटी बघणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला रोहूनं नापास केलं.

माझे सासरे निघोज्याचे. त्यांच्या शेततळ्यात रोहू आहेत. जानेवारीचा गारठा पडला आणि मासे खाद्याला तोंड लावेनात. महिनाअखेरीला खानावळवाला सगळे मासे न्यायला येणार, आणि मासे काही अंग धरेनात! मामांच्या जिवाला घोर.

"पानी गार हाय, जावईबापू. गारठ्यात माशाची भूक मरती. ऊन तापलं की खात्याल."

गप्प बसावं की नाही मी? पण नाही! "मामा, अंदाजावर काम चालत नाही. डेटा लागतो!"

कंपनीच्या बॅगेत टॅग होतेच. गढूळ पाण्यात लांबून दिसावेत म्हणून लाल निवडले. केवढी ही अक्कल! दहा मासे धरले, वजन केलं, पाठीवरच्या परातून दोरा ओवून टॅग बांधले आणि दिले सोडून.

दोन आठवड्यांनी पुन्हा वजन केलं. बाकीचे मासे होते तसेच, माझे दहा मात्र वाळलेले.

"खाद्यात खोट आहे!" मी जाहीर केलं.

"आवो, खाद्यात न्हाई!" मामा कळवळले. "गारठ्यानं आधीच बळ न्हाई, त्यात गळ्यात तुमचं लोढणं. खाल्लेलं समदं ते वढण्यातच जातंय."

"मामा, एवढ्याशा टॅगचं कसलं वजन?"

"मग तुमी बांधून पवा की!"

तेवढ्यावर भागलं असतं. पण खानावळवाला आला. पूर्वी तोही कंपनीतच लाइनवर होता. तळ्यात एक नजर टाकली आणि दोन पावलं मागे सरला.

"भाऊ, हा तर रिजेक्ट माल!"

"अहो, ती नुसती खूण आहे!"

"राव, लाल टॅगचा माल जन्मभर बाजूला काढला. आता तो गिऱ्हाइकाच्या ताटात वाढू व्हय?"

गेला की निघून! मामांचा चेहरा बघवेना. खरं सांगतो, मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्याच दिवशी टॅग कापले. पुढे ऊन तापलं, मासे खायला लागले, भरले, आणि तोच खानावळवाला निमूट घेऊन गेला. माझ्या डेटाचं नावही कुणी काढलं नाही.

त्या दिवशी चहाला बसलो, तर मामांनी उरलेला लाल टॅग माझ्या शर्टाच्या गुंडीला अडकवला. माझी बायको एका कंपनीत स्टोअर सांभाळते, आलेला माल तपासून उतरवून घेते. तिनं टॅग उलटसुलट करून पाहिला.

"उशीर झाला, आबा," ती म्हणाली. "एकदा उतरवून घेतलेला माल आमच्या स्टोअरमधून परत जात नाही."