आधी तुकडा दाखव

एक अपवाद सोडला तर याकूबचाचांच्या दुकानातून पहिल्याच फेरीत ब्लेड घेऊन बाहेर पडलेलं गिऱ्हाईक मी माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही. आमच्या वाशीम जिल्ह्यातल्या मालेगावला वाशीम रस्त्यावर माझं फोटो फ्रेमचं दुकान आणि त्याला चिकटून त्यांचं करवतीच्या ब्लेडांचं. मधली भिंत पत्र्याची, त्यामुळे पलीकडचं सगळं मला ऐकू यायचं. माणूस घाईघाईत यायचा आणि मोटारसायकल चालू ठेवूनच एक ब्लेड मागायचा. चाचा विचारायचे, कापायचं काय? तो म्हणायचा, लाकूड. मग त्यांचा ठरलेला प्रश्न यायचा, "तुकडा आनला काय?" तुकडा कोणीच आणलेला नसायचा. मग गाडी वळायची आणि तो माणूस घरी तुकडा आणायला जायचा. काही जण परत यायचे, काही जण चाचांच्या नावाने बोटं मोडत दुसऱ्या दुकानात जायचे.

माझी पहिली भेटही अशीच झाली. दुकान नवं होतं, फ्रेमच्या पट्ट्यांचे कोपरे तिरके कापायचं मशीनही नवं होतं, आणि मशीनसोबत आलेलं ब्लेड पट्टीवरच्या सोनेरी रंगाचे टवके उडवत होतं. मी शेजारी या नात्याने हसत हसत गेलो, तर मलाही परत पाठवलं. पट्टीचा तुकडा नेला तेव्हा त्यांनी तो नाकाला लावला, नखाने खरवडला, उजेडात धरला आणि भिंतीवरच्या खिळ्यावरून एक ब्लेड उतरवलं. त्याचे दात मोजायला बसलो असतो तर जेवणाची वेळ झाली असती. "हे ने. सावकाश चालव. जोर लावशीन तं मांगून मले सांगाले येऊ नोको," एवढं बोलून ते चहा प्यायला लागले. पहिलाच कोपरा इतका साफ आला की मी त्या चौकटीत फोटो न घालता ती तशीच दर्शनी भागात टांगून ठेवली.

माणूस तसा नखरेल. दाढीला मेंदी, मनगटाला अत्तर, आणि भुशात बसायचं तरी कुर्ता पांढराच. आपल्याइतकं लाकूड जिल्ह्यात कोणाला कळत नाही, हे ते स्वतःच सांगायचे, दुसऱ्याने सांगायची वाट पाहत नसत. भुशाचा वास घेऊन पाऊस कधी येणार तेही सांगायचे आणि तो अंदाज कायम चुकायचा. कॅरममध्ये हरले की माझा बोर्डच वाकडा आहे म्हणून दोन दिवस अबोला धरायचे. पण ब्लेडाच्या बाबतीत मात्र त्यांचा शब्द खाली पडल्याचं मला आठवत नाही.

त्यांचं शास्त्र मी पत्र्याआडूनच शिकलो. लाकूड रेषांच्या दिशेने उभं चिरायचं असेल तर कमी दातांचं ब्लेड. दातांमध्ये जागा मोठी लागते, कारण उभ्या कापात भुसा भरपूर पडतो. "त्याले निंगाले वाट पायजे, नाई तं ब्लेड तापते अन् लाकूड जयते," असं ते म्हणायचे. रेषा आडव्या तोडायच्या असतील तर दात जास्त. प्लायवूड आणि सनमायकाला आणखी बारीक आणि दाट दात, नाहीतर कडा उंदराने कुरतडल्यासारख्या दिसतात. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडक्यांचं ब्लेडच वेगळं, त्याचे दात पुढे झुकत नाहीत, जरा मागे रेलून बसतात. ओल्या कडुनिंबाला एक आणि वाळलेल्या बाभळीला दुसरं. बारा महिने एकाच ब्लेडावर सगळं कापणाऱ्या सुताराबद्दल ते असं बोलायचे, जसं बाकीचे लोक बायकोला मारणाऱ्या माणसाबद्दल बोलतात.

जुनं लाकूड आलं की खिशातून लोहचुंबक निघायचं. फुटक्या स्पीकरमधून काढलेलं ते चुंबक दोरीला बांधलेलं होतं आणि चाचा ते तुकड्यावरून असं फिरवायचे, जसा डॉक्टर छातीवरून नळी फिरवतो. कुठे चिकटलं की आत खिळा आहे. मग ब्लेड नाही, आधी खिळा काढून ये. एकदा एका माणसाने जुन्या दाराची अख्खी चौकट ऑटोत घालून आणली. चुंबक तिला इतक्या ठिकाणी चिकटलं की चाचांनी त्याला सरळ भंगारवाल्याचा पत्ता दिला.

माणसांनाही ते दातांनीच मोजत. घाईत सगळं उरकणारा आणि मागे खडबडीत कडा ठेवणारा, तो चोवीस दातांचा. मला ते ऐंशी दातांचा म्हणायचे, म्हणजे कापतो साफ पण संध्याकाळ करतो. बाजाराच्या दिवशी त्यांच्याकडे हमखास येऊन बसणारे गजाननभाऊ, हे त्यांच्या मते साठ दातांचे, म्हणजे कुठेही चालतील असे. गजाननभाऊ कामरगावचे. तरुणपणी दोघे तिथल्या ओंडके चिरायच्या एका आरामशीनवर कामाला होते. भाऊ बोलायचे कमी, चहाचा ग्लास डाव्या हाताने धरायचे आणि उजवा हात खांद्यावरच्या दुपट्ट्याखाली ठेवायचे. मी त्यांना कितीतरी वर्षं डावखुरेच समजत होतो.

आता नाजियाबद्दल सांगायला हवं, कारण या गोष्टीत खरं काही पणाला लागलं असेल तर तिचं. नाजिया ही चाचांची एकुलती एक मुलगी. कॉलेज झाल्यावर ती बापाच्या काउंटरवर बसू लागली आणि थोड्याच दिवसांत डोळे मिटून सागवान आणि शिसव वासावरून ओळखू लागली. मुलगी लोखंडाच्या दुकानात बसते म्हणून दोन-तीन स्थळं आली तशी परत गेली. चाचा वरवर म्हणायचे, जाऊ दे, पण त्या दिवशी कॅरम खेळायला यायचे नाहीत. मग वाशीमचं स्थळ आलं. रऊफसेठ फर्निचरचे ठेकेदार, हाताखाली बरेच कारागीर, आणि मुलगा तौसीफ स्वतः रंधा मारणारा. त्यांना मुलगी दुकानात बसते याचं कौतुकच वाटलं. तौसीफ नाजियाच्या मनात भरला होता, हे चाचींनी माझ्या बायकोला सांगितलं आणि बायकोने मला, म्हणजे पूर्ण रस्त्याला कळलं.

रऊफसेठ बात पक्की करायला मिठाईचा डबा घेऊन आले. घरातलं बोलणं झालं, तारखेपर्यंत गोष्ट गेली. निघताना ते कौतुकाने दुकानात शिरले. दोघांचं आपसात उर्दूत चाललं होतं, आप आणि जनाब. सेठनी भिंतीवर बोट दाखवून लाकूड कापायची पाच इंची ब्लेडं मागितली. चाचांनी सवयीने विचारलं, मशीन कोणतं? चार इंची ग्राइंडर, सेठ म्हणाले. मोठं ब्लेड त्यात बसत नाही म्हणून कारागीर वरचा गार्ड, म्हणजे ब्लेडावरचं संरक्षक झाकण, काढून टाकतात, सगळीकडे तसंच करतात. त्यांनी हे अगदी सहज सांगितलं, आणि खरं म्हणजे आपल्या भागात खरोखरच सगळीकडे तसंच करतात.

उर्दूत बोलता बोलता चाचा रागावले की वऱ्हाडीवर यायचे. पत्र्याआडून मला त्यांची वऱ्हाडी ऐकू आली आणि माझ्या हातातली पट्टी तशीच राहिली.

"नाई भेटत."

सेठ हसले. त्यांना वाटलं, होणारे व्याही थट्टा करताहेत. आता आपण घरचेच झालो, असं काहीतरी ते म्हणाले.

"घरचे असा का कलेक्टर असा. गार्ड काढलेल्या ग्राइंडरवर माह्या दुकानातलं ब्लेड चढत नाई."

सेठ गेले. मिठाईचा डबा काउंटरवर राहिला. मधल्या माणसाकडून निरोप आला की सध्या जरा विचार करतो आहोत. या निरोपाचा अर्थ सांगायला कोणी लागत नाही. चाचींनी नवऱ्याशी बोलणं टाकलं, चहा बिनसाखरेचा येऊ लागला, आणि डब्याला मुंग्या लागल्या तरी तो उघडायची कोणाची छाती होईना. गिऱ्हाइकांवरही संकट आलं. तुकडा आणला तरी चाचा त्यात खोट काढून परत पाठवू लागले. नाजिया पुन्हा पुन्हा काउंटर पुसायची. मला तिच्याकडे पाहवत नव्हतं.

बाजाराच्या दिवशी गजाननभाऊ आले. मीही चहाला पलीकडे गेलो होतो. नाजियाने ग्लास ठेवले आणि पहिल्यांदाच बापासमोर उभी राहून बोलली. आवाज चढवला नाही.

"अब्बा, नाई म्हनलं ते बराबर केलं. पन काहून नाई, हे त्यायले कायले नाई सांगतलं? गजाननकाकाचा हात मले माहीत हाये. त्यायले कसा माहीत असन?"

गजाननभाऊंनी उजव्या हातावरचा दुपट्टा सारखा केला. मी एवढ्या वर्षांचा शेजारी, आणि मला तेव्हा कुठे समजायला लागलं. पुढचं नंतर चाचींनी सांगितलं. आरामशीनवर जाड ओंडका बसेना म्हणून मालकाने ब्लेडावरची जाळी काढायला लावली होती. ओंडक्याच्या एका टोकाला भाऊ होते, दुसऱ्या टोकाला चाचा. भाऊंच्या उजव्या हाताला त्या दिवसापासून नुसता अंगठा उरला. चाचांनी ती नोकरी सोडली आणि ब्लेडांचं दुकान टाकलं. हे त्यांनी घराबाहेर कोणाला कधी सांगितलं नाही, कारण सांगायला लागलं की तो दिवस पुन्हा समोर उभा राहायचा. म्हणून ते नुसतं नाही म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचा धुतलेला कुर्ता घालून माझ्या दुकानात आले. वाशीमला जायचं होतं आणि मी सोबत यावं असं त्यांचं म्हणणं होतं. "मले राग आला तं मांगून कुर्ता वढजो," ते म्हणाले. स्टँडवर गजाननभाऊ उभे होते. त्यांना काय करायचं ते चाचांनी सांगितलं नव्हतं, फक्त चाल म्हटलं होतं.

रऊफसेठच्या कारखान्यात आमचं स्वागत झालं, पण बेताचं. चहा आला. चाचांनी बोलायला दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा ब्लेडांच्या कंपन्यांबद्दल बोलून गप्प बसले. कुर्ता ओढायची वेळच आली नाही, उलट मागून ढकलावं असं मला वाटत होतं. तेव्हा गजाननभाऊंनी डाव्या हाताने ग्लास खाली ठेवला, उठले, समोरच्या टेबलावर पडलेल्या ग्राइंडरपाशी गेले आणि दुपट्टा बाजूला करून उजवा हात त्याच्या शेजारी ठेवला.

"सेठ, जायी काढली होती. याकूब दुसऱ्या टोकाले होता. त्याचा राग धरू नका."

कारखान्यातली मशिनं एकेक करून बंद झाली. सेठ त्या हाताकडे पाहत होते आणि मी माझ्या पायांकडे. तौसीफ कोपऱ्यातल्या भंगाराच्या पेटीपाशी गेला, त्यात हात घालून धुळीने माखलेला एक गार्ड शोधून काढला आणि खाली बसून ग्राइंडरला लावू लागला. सेठनी कोणाची माफी मागितली नाही, तसा त्यांचा स्वभावही नव्हता. त्यांनी फक्त पुन्हा चहा सांगितला, आणि या वेळी भाऊंचा ग्लास स्वतः त्यांच्या डाव्या हातात दिला. परतीच्या बसमध्ये चाचा खिडकीबाहेर पाहत बसले आणि सोयाबीनची धूळ डोळ्यात गेली म्हणत मालेगाव येईपर्यंत डोळे पुसत होते. खिडकी बंद होती.

मग एका दुपारी पलीकडे ओळखीचा संवाद सुरू झाला. कापाचं काय हाये? सागवान. तुकडा आनला काय? आणि चक्क कागद उलगडल्याचा आवाज आला. मी उठून बघायला गेलो, तर काउंटरसमोर तौसीफ उभा होता आणि चाचा त्याचा तुकडा हुंगत होते. उभं का आडवं? उभं. मशीन कोणतं? टेबलाचं, गार्डसकट. चाचांनी त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, ब्लेड उतरवलं, कागदात गुंडाळलं आणि मान न वळवता आतल्या पडद्याकडे तोंड करून म्हणाले, "याले कोनं शिकवलं?" पडद्यामागून फक्त बांगड्या वाजल्या. त्याच संध्याकाळी मुंग्यांची मिठाई फेकून नवा डबा आणला गेला, आणि चाचींचा साखर घातलेला चहा मलाही मिळाला.

नाजिया-तौसीफच्या लग्नानंतर चाचा बदलले, पण थोडेच. नाही म्हणायचे ते म्हणायचेच, मात्र आता कारणही सांगायचे, आणि सांगायला लागले की थांबायचे नाहीत. लोक म्हणायचे, आधीचे चाचा बरे होते, निदान लवकर सुटका व्हायची. गेल्या वर्षी ईदनंतर ते झोपेतच गेले. आदल्या दिवशी त्यांनी कॅरममध्ये मला हरवलं होतं आणि सगळ्या रस्त्याला सांगितलं होतं. त्यांच्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. पत्र्याआडून दिवसभर गाणी ऐकू येतात. मला करमत नाही, हे मी मान्य करतो.

भिंतीवरची ब्लेडं नाजिया वाशीमला घेऊन गेली. सासऱ्याच्या कारखान्याला लागून तिने स्वतःचा काउंटर टाकला आहे. परवा माझ्या मशीनच्या ब्लेडाची धार गेली. मी बस पकडली आणि तिच्याकडे गेलो. तिने खुर्ची दिली, चहा मागवला, बायकोची चौकशी केली. मी म्हटलं, नेहमीचं ब्लेड दे बाई, तुझ्या अब्बांनी दिलं होतं ते.

"काका, पट्टी तेच हाये का बदलली?"

बदलली होती. आता लाकडाऐवजी फायबरच्या पट्ट्या येतात. तिला ते सांगितलं.

"मंग तुकडा आनला काय?"

मी उगाच खिसे चाचपले. तिने हसून पण ठामपणे कारण सांगितलं, की फायबर वेगवेगळं असतं, चुकीचं ब्लेड तापतं, पट्टी वितळून दातांना चिकटते आणि झटका हाताला बसतो. बोलताना तिच्या एका हातात दोरीला बांधलेलं ते चुंबक होतं. मी विचारलं, एवढ्या दुरून आलो, आणि घरचा माणूस, तरी परत जाऊ?

"अब्बानं व्याह्याले नाई देलं, काका. तुमाले कसं देऊ?"

मी चहा संपवला आणि मालेगावची बस धरली. हात रिकामे होते, दुपार वाया गेली होती, आणि खिडकीशी बसून मी एकटाच हसत होतो. कंडक्टरने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, तुकडा आणायला चाललो आहे.