बरणीतला थर

घरी आलेल्या माणसाला गाळकाका पाण्याआधी बरणी दाखवायचे. दिल्लीच्या द्वारका भागातल्या फ्लॅटच्या बाल्कनीत ती असे. तळाशी यमुनेचा काळा गाळ, त्यावर वाळू, वाळूवर चिकणमातीचा थर. काही आठवड्यांनी मातीखाली, वाळूत बुडबुडे साठत.

"गाळात पालापाचोळा असतो," ते सांगत. "हवा पोचत नाही तिथले सूक्ष्मजीव त्याचा मिथेन करतात. तो वर निघतो, माती आडवी आली की वाळूत अडकतो. जमिनीखालीही हेच. फक्त तिथे कुणाला घाई नसते."

"अहो, लोक बाल्कनीत तुळस ठेवतात, तुम्ही यमुना ठेवलीत," काकू म्हणत. "काय वास येतोय!"

"मिथेनला वास नसतो. तो बाकीच्या कुजण्याचा."

काका तेल शोधणाऱ्या कंपनीच्या दिल्ली कार्यालयात भूवैज्ञानिक होते. त्या धंद्यात उथळ गॅस म्हणजे अडथळा. तो लागला की पोलादी नळी बसवायची, तिच्यामागे सिमेंट भरायचं आणि आणखी खाली जायचं. तेलासाठी खोदलेल्या एका विहिरीत असा गॅस लागला तेव्हा काकांनी थांबून चाचणी घ्यायला सांगितलं.

"अरे यार, दलदल की गैस है," त्यांचे साहेब म्हणाले. "तेल नीचे है, चलो."

खाली तेल निघालं नाही. विहीर बुजवली. निवृत्तीपर्यंत प्रत्येक बैठकीत काका तोच थर उघडायची मागणी करत राहिले. मराठी सहकाऱ्यांनी त्यांचं नाव गाळकाका ठेवलं. ते आमच्या सोसायटीपर्यंत आलं.

ते निवृत्त झाल्यावर कंपनीने त्या बुजवलेल्या विहिरीशेजारी नवी विहीर घेतली आणि तोच थर उघडला. गॅस निघाला. त्याच्या दिल्लीतल्या समारंभाची बातमी वर्तमानपत्रासाठी करायचं काम माझ्याकडे होतं. काकांना निमंत्रण नव्हतं; मी त्यांना सोबत नेलं. पडद्यावर त्या गॅसची निळी ज्योत पेटली. साहेब, आता आणखी वरच्या पदावर, म्हणाले, "हमें शुरू से इस लेयर पर भरोसा था."

काकांनी टाळ्या वाजवल्या. मग ते साहेबांपुढे जाऊन उभे राहिले.

"अच्छा, आप! अब भी द्वारका में?" एवढं विचारून साहेब फोटोसाठी वळले.

घरी येताच काकांनी काकूंची विणायची सुई घेतली आणि बरणीतल्या चिकणमातीत खुपसली. साठलेला गॅस मोठ्या बुडबुड्यांनी निघून गेला.

"अहो, केवढा वास!" काकूंनी खिडकी उघडली.

मिथेनचं काही न सांगता काका सुई धुवायला गेले.

त्यानंतर घरी येणाऱ्याला काका आधी पाणी देत. गेल्या हिवाळ्यात ते गेले. आवराआवर करताना काकूंनी बरणी मला दिली. ती काकांनी स्वतः रिकामी करून, घासून ठेवली होती.