चाळीस पायांची आयसी

सुगंधाबाई परभणीच्या स्टेशन रोडवर रेडिओ आणि टेप दुरुस्त करायची. शेजारीच माझं शिलाईचं दुकान, त्यामुळे तिचा राग मी अगदी जवळून पाहिलाय. ती मूळची राणीसावरगावची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. नवरा रायभान रेडिओ मेकॅनिक होता. त्याच्या शेजारी बसून ती काम शिकली, आणि तो गेल्यावर दुकान तिनंच चालवलं. तरी गिऱ्हाईक यायचं ते आत डोकावून विचारायचं, "मेकॅनिक कुठं हाय?"

"तुमच्या म्होरं बसलीय," ती मान वर न करता म्हणायची.

नव्वद सालची गोष्ट. माणिकराव नावाचे कॉलेजातले मास्तर टेप दाखवायला आले. त्यांच्या पिशवीत एक हिरवी पाटी होती. तिच्यावर किड्यासारखे पाय असलेल्या काळ्या आयसी, म्हणजे चिपा, बोटाच्या पेराएवढी बटणं आणि लाल आकडे उमटणारी पट्टी.

"हा एका पाटीवरचा कॉम्प्युटर, बाई. पोरांना शिकवायला."

सुगंधाबाईनं ती पाटी उलटीसुलटी करून पाहिली. "मला जमंल का बनवायला?"

माणिकराव हसले नाहीत. त्यांनी तिथंच बसून जोडणीचा नकाशा आणि सामानाची यादी उतरवून दिली. "तयार घेतली तर महाग पडेल. सुटं सामान घ्या. चाळीस पायांची मोठी आयसी तेवढी पारखून घ्या. सगळं तिच्यावर चालतं."

निम्मं सामान तिनं भंगार रेडिओतून काढलं. मोठ्या आयसीसाठी तिच्या आईनं, कस्तुराबाईनं, शेळी विकून पैसे पाठवले. ती ते घेऊन मोंढ्याजवळ पंडितशेटच्या रेडिओच्या सुट्या सामानाच्या दुकानात गेली. अस्तराचं कापड आणायला बाहेर पडलोच होतो, म्हणून मीही बरोबर होतो.

पंडितशेटनं तिनं दिलेला यादीचा कागद वाचला. "कुणाला पाहिजे ही? त्यालाच पाठवा की."

"मलाच पाहिजे."

"बरं. नव्यानं शिकणाऱ्यासाठी स्वस्तातली हाय आपल्याकडं." त्यांनी आयसी पुडीत बांधलीसुद्धा.

"चालू हाय का ते दाखवा आधी."

"आयसी काय टेबलफॅन हाय व्हय, बटन दाबून दाखवायला?"

दुकानातली माणसं हसली. ती पैसे मोजून पुडी घेऊन निघाली.

महिनाभर खपून तिनं पाटी जोडली. बटण दाबलं, पण एकही आकडा उमटला नाही. तिनं सगळे टाके उकलले, पुन्हा जोडले. तरी तेच. दीड महिना हे चाललं. बोटं पोळली, गिऱ्हाइकांचे टेप तसेच पडून राहिले. एकदा ती मला म्हणाली, "भाऊ, मेंढरामागं फिरणारी बाई मी. लय मोठ्या गोष्टीला हात घातला बघा." तिच्या तोंडून असं बोलणं मी पहिल्यांदाच ऐकलं.

शेवटी माणिकरावांनी ती आयसी काढून आपल्या पाटीत बसवली. त्यांची चालू पाटीही बंद पडली. त्यांनी आयसी उजेडात धरली, मग टेपचं हेड पुसायच्या स्पिरिटचा बोळा तिच्यावरून फिरवला. वरचे पांढरे आकडे बोळ्याला चिकटून आले. खाली खरवडल्याच्या खुणा होत्या.

"मेलेली आयसी घासून वर नवा नंबर छापलाय," ते म्हणाले.

सुगंधाबाईचा चेहरा मी पाहिला आणि मशीन बंद करून तिच्यामागं निघालो.

गुरुवार, बाजाराचा दिवस. पंडितशेटचं दुकान माणसांनी भरलेलं. तिनं विचारलंसुद्धा नाही. काउंटरवरचा आयसीचा डबा ओढला, पिशवीतून स्पिरिटची बाटली काढली आणि एकेक आयसी पुसायला लागली. चौथ्या आयसीचे आकडे गेले. सातवीचे गेले.

"ए बाई, काय करायलीस?" पंडितशेट ओरडले.

"पारखून घ्यायलेय."

"हे घे तुझे पैसे आणि नीघ इथनं!"

"पैसे तर घेणारच, माझ्या आईची शेळी गेलीय. पण दीड महिना मी सोताला अडाणी समजले. त्याचं काय देता, शेट?"

कुणी हसलं नाही. पंडितशेटनं पैसे काउंटरवर आपटले. चूक झाली म्हणायला मात्र त्यांची जीभ रेटली नाही.

पुढच्याच आठवड्यात ती काचीगुड्याच्या गाडीत बसून हैदराबादला गेली. तिथं कोठी भागातल्या सुट्या सामानाच्या गल्लीत एका म्हाताऱ्या दुकानदाराला तिनं दारातूनच दम भरला, "लगाके दिखाव, नै तो नै लेती."

"बैठो अम्मा," म्हणत त्यानं आयसी आपल्या पाटीत बसवली. लाल आकडे लागले. "लगाके देखे बगैर नक्को लेना, कोई भी बोले तो."

परत आल्यावर ती हे सांगत होती तेव्हाही तिचा राग उतरला नव्हता. "इतकं सोपं होतं, भाऊ. दोन मिनिटांचं काम. अन् इथं माणसं हसली मला."

तिची पाटी चालली. माणिकरावांनी ती कॉलेजच्या प्रदर्शनात मांडली. बघणारे माणिकरावांचा हात हातात घेऊ लागले. ते सांगत राहिले, "अहो, बाईंनी बनवलीय." तरी एकानं विचारलंच, "कुणाच्या मदतीनं?" सुगंधाबाईनं वायर उपसली, पाटी काखेत मारली आणि सरळ दुकान गाठलं.

तेव्हापासून ती पाटी तिच्या काउंटरवर असे. कुणीही आयसी आणली की ती स्पिरिटनं पुसून, पाटीत बसत असेल तर लावून, फुकट तपासून द्यायची. जिंतूर-गंगाखेडचे मेकॅनिकही येऊ लागले, आणि खोटी निघालेली आयसी घेऊन थेट पंडितशेटच्या दारात उभे राहू लागले.

मग एक दिवस पंडितशेटचा नोकर डबाभर आयसी घेऊन आला. "शेटनी तपासून मागिटल्यात. काय होतील ते पैसे देतो म्हणले."

"शेटला सोता यायला सांग," ती म्हणाली आणि डबा त्याच्या हातात परत दिला.

माझ्यादेखत तिनं तो डबा तीनदा परत पाठवला. पंडितशेट काही आले नाहीत.