बोट परत येईपर्यंत केर काढू नये

बोट दुपारी चार वाजता सुटणार होती. प्रवाशांना बाराच्या आत धक्क्यावर बोलावले होते. जावयाने गाडी टर्मिनलच्या दारात उभी केली, मुलीने दोन बॅगा उतरवल्या आणि माझी पत्नी मालती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पन्नास वर्षांच्या संसारात आम्ही निरोपाचे शब्द फारसे खर्च केलेले नाहीत. त्या दिवशी मी केले. म्हणालो, "तू परत येशील तेव्हा मी नागपूरला असेन."

ती म्हणाली, "पोचले की कळवा." आणि आत गेली.

नागपुरात, सक्करदऱ्यात राहिलेल्या माझ्या माणसांसाठी आणि माझ्याप्रमाणे उतारवयात मुलांच्या मागोमाग परदेशी आलेल्यांसाठी हे लिहीत आहे. पुढे काय झाले ते निरनिराळ्या तोंडांनी तुमच्याकडे पोचलेच असेल. माझ्याकडून ते एकदा नीट लिहून ठेवावे, एवढाच हेतू.

आम्ही तीन वर्षांपूर्वी सिडनीला आलो. मुलगी मीनल आणि जावई अनिरुद्ध यांचे घर नवव्या मजल्यावर आहे. गॅलरीतून बंदराचे पाणी दिसते. पाण्यापलीकडे समोरच प्रवासी बोटींचा धक्का, उजवीकडे दूर तो प्रसिद्ध लोखंडी पूल. पुलाखालून जाऊ शकतील एवढ्याच उंचीच्या बोटी आमच्या बाजूला येतात. त्याहून मोठ्या अलीकडच्या धक्क्याला न येता पुलापलीकडेच थांबतात. पहिल्या आठवड्यात मला ह्या दृश्यात रस वाटला, तो त्या पुलामुळे. नंतर तोही ओसरला. माणसाने किती दिवस पाणी पाहावे?

मी पाटबंधारे खात्यात अभियंता होतो. चौतीस वर्षे पाणी मोजले, अडवले, सोडले. पण पोहता येत नाही. नागपूरचा माणूस समुद्रापासून चारी दिशांना सारखाच दूर. आमचे पाणी म्हणजे फुटाळा तलाव. संध्याकाळी भिंतीवर बसावे, भाजलेले कणीस खावे, पलीकडचा काठ दिसतो आहे याची खात्री करून घरी यावे. पलीकडचा काठ न दिसणारे पाणी मला कधी पटले नाही.

मालतीला पटले. मला त्याचेच नवल वाटत असे. नागपुरात जी बाई बर्डीच्या बाजारापुढे एकटी गेली नाही, ती इथे आल्यावर वर्षभरात रोज धक्क्यापर्यंत फिरायला जाऊ लागली. बोटींची नावे तिला पाठ झाली. कोणती केव्हा येणार, केव्हा जाणार, याचा कागद तिने फ्रिजवर लावला. लिफ्टमध्ये भेटणाऱ्या एका ग्रीक बाईशी तिने मैत्री केली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी अर्धा अर्धा तास बोलतात. सुटणाऱ्या बोटीचा भोंगा झाला की हातातले काम टाकून ती गॅलरीत जायची आणि अनोळखी माणसांना हात हलवायची. मी आतून विचारायचो, "कोण आहे तुझे त्या बोटीत?" ती म्हणायची, "कोणाचं तरी असनच ना."

मला इथे काम नव्हते. अवघड काहीच नव्हते, आणि तेच अवघड होते. नागपुरात सकाळी पायरीवर पेपर पडतो, नळाला पाणी येते की नाही यावर चार माणसे माझे मत विचारतात. इथे माझे मत कोणी विचारत नाही, कारण नळाला पाणी येते. मी परत जायचे ठरवले. मालतीला सांगितले. विचारले नाही, सांगितले.

ती म्हणाली, "मी येऊन नाही राहिली."

मला वाटले, ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा सांगितले. त्याच आठवड्यात मीनलने आमच्या लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसानिमित्त बोटीच्या सफरीची दोन तिकिटे आणली. नऊ दिवस, दक्षिणेकडची बेटे. मी नकार दिला. पाण्यावर माझे काही काम नाही, असे कारण दिले. त्यावर मालती जे बोलली ते इथे लिहितो, कारण ते खरे होते. "तुमी जनमभर धरणं बांधली. पाणी अडवायचंच माहीत तुमाले. जाऊ कसं द्यायचं ते नाही माहीत."

माझ्या तिकिटावर मीनल गेली. मी माझे नागपूरचे विमान सफरीच्या सहाव्या दिवसाचे ठरवले. कोणी अडवायला नसावे, असा हिशेब होता.

तर त्या दिवशी चार वाजता भोंगा झाला. मी गॅलरीत गेलो. बोट धक्क्यापासून इतकी हळू सुटते की आधी धक्काच मागे सरकला असे वाटते. मग मधल्या फटीत पाणी दिसू लागते. वरच्या मजल्यावर माणसांची रांग होती आणि तिच्यात एक हिरवा ठिपका हलत होता. मालतीची शाल हिरवी आहे. मी हात हलवला नाही. बोट पुलाखालून पलीकडे गेली, तेव्हा माझ्या लक्षात आले की मी कठडा दोन्ही हातांनी धरला आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता ते यंत्र सुरू झाले. ह्या घरात झाडू नाही. ताटलीएवढे एक यंत्र आहे. ते ठरल्या वेळी आपोआप निघते आणि जमिनीवरचा केर ओढत फिरते. मी उठलो, ते उचलले आणि कासवासारखे उलटे करून ठेवले. का केले, ते करून झाल्यावर कळले.

माझी आई घरातून कोणी प्रवासाला निघाले की, ते पोचल्याचे कळेपर्यंत पुढची खोली झाडत नसे. निघालेल्याची पावले झाडून टाकू नयेत, अशी तिची समजूत. पुष्कळ घरांत ही रीत तासा-दोन तासांची असते. आईने ती ताणून पत्र येईपर्यंत नेली होती. वडील टपाल कचेरीत पत्रे वेगळी करण्याच्या कामावर होते, त्यामुळे पत्राला किती दिवस लागतात हे आमच्या घरात सर्वांना माहीत असे. बाविसाव्या वर्षी मी पहिल्या नोकरीसाठी नाशिककडच्या एका धरणावर गेलो. पोचल्याचे पत्र टाकले नाही. विसरलो असे नाही. काय लिहावे ते सुचले नाही. पोचलो, हे तर उघडच होते. सतराव्या दिवशी वडिलांचे कार्ड आले. त्यावर दोन ओळी होत्या. "पोचल्याचे पत्र टाकायचे असते. घर तुझ्या बापाचे आहे, उकिरडा नाही."

मी त्या वेळी हसलो होतो. बरोबरच्या सहकाऱ्यांना ते कार्ड वाचूनही दाखवले. सतरा दिवस आई त्या खोलीत कशी वावरली असेल, हा विचार माझ्या मनाला शिवला नाही. जो जातो त्याला मागची खोली दिसत नाही. ती पाहायला मला सत्तरी ओलांडावी लागली, आणि नववा मजला चढावा लागला.

संध्याकाळी अनिरुद्ध कामावरून आला. तो पुण्याचा आहे, सभ्य आहे. उलट्या यंत्राकडे पाहून म्हणाला, "बाबा, बिघडलंय का हे?"

"नाही. बंद ठेवले आहे."

"किती दिवस?"

"बोट येईपर्यंत."

तो दाराकडे मागे वळला. मग बूट नेहमीसारखे आत न आणता दाराबाहेरच काढून आला. पुढचे सगळे दिवस त्याने तसेच केले. केर कमी व्हावा म्हणून. ह्या मुलाबद्दल माझे मत त्या दिवशी बदलले. ते त्याला सांगितलेले नाही.

चार दिवस मीनलचे संदेश येत होते. बेटांची छायाचित्रे, जेवणाची छायाचित्रे. पाचव्या दिवशी सकाळी आला तो असा: "समुद्र खवळलाय. आईला फार मळमळतंय, सकाळपासून झोपून आहे." त्यानंतर काही आले नाही. फोन लागेना. दुपारी बातम्यांत त्या बाजूच्या वादळाचा नकाशा दाखवला. नकाशे मला कळतात. त्यामुळे जास्त त्रास झाला.

त्याच संध्याकाळी मी धाकट्या भावाला, वसंताला, नागपूरला फोन केला. आमच्या घराची किल्ली त्याच्याकडे असते. म्हणालो, "परवा पोचतो. घर झाडून पुसून ठेव."

"येऊन राहिला का तू? बरं. वहिनी?"

"ती बोटीवर आहे."

"कोणत्या बोटीवर?"

मी सगळे सांगितले. वादळाचेही सांगितले. मग तो म्हणाला, "वहिनी सुखरूप पोचल्याचं कळलं का तुले?"

"नाही."

"मंग घर काहून झाडाले सांगतं गा भाऊ? मायनं काय शिकवलं आपल्याले? मी नाही झाडत. आन् तूही नको निघू. बाई पाण्यावर, बुवा आभाळात. घरी कोन हाय मंग, कळवाचं कोनाले?"

वसंता माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहे. आयुष्यात त्याने मला प्रथमच उपदेश केला. मी फोन ठेवला.

सहाव्या दिवशी सकाळी दहा वाजता अनिरुद्ध गाडीची किल्ली घेऊन उभा राहिला. "बाबा, निघायचं ना?" माझी बॅग दाराशी होती. त्याच दाराशी मालतीच्या सपाता होत्या, जाताना काढून ठेवलेल्या. पुढच्या खोलीच्या लाकडी जमिनीवर पाच दिवसांची बारीक धूळ बसली होती आणि गॅलरीच्या उन्हात ती स्पष्ट दिसत होती. तीत पावले वगैरे काही दिसत नव्हती. मी कल्पनाविलास करणारा माणूस नाही. तरी ती धूळ ओलांडून बॅग उचलणे मला जमले नाही.

"बोट कुठे आहे ते आधी कळू दे," मी म्हणालो.

त्याने किल्ली खिळ्याला अडकवली आणि चहा टाकला. दोनचे विमान दोनला गेले असावे.

सातव्या दिवशी कंपनीने कळवले की बोट सुरक्षित आहे, तिच्यावरची संपर्कयंत्रणा बंद पडली आहे आणि ती एक दिवस उशिरा येईल. प्रवाशांबद्दल एकच वाक्य होते. मला एका प्रवाशाबद्दल हवे होते.

दहाव्या दिवशी उजाडताना मी गॅलरीत होतो. तीन वर्षांत प्रथमच मी फ्रिजवरचा तिचा कागद काढून हातात घेतला होता. साडेसहाच्या सुमारास पुलाखाली आधी एक पांढरा कोपरा दिसला, मग उरलेली बोट. पाण्यावर तिचा वेग बैलगाडीइतका वाटत होता. मी चपला घातल्या आणि निघालो. खाडीवरचा पूल ओलांडून धक्क्यापर्यंत पाऊण तास लागतो. फोन घरीच राहिला, हे निम्म्या वाटेत लक्षात आले. परतलो नाही.

टर्मिनलच्या बाहेर कठड्याशी दोन तास उभा होतो. बॅगा ओढत, उन्हाने लाल झालेली माणसे बाहेर पडत होती. आत, रिकाम्या होत चाललेल्या दालनात, एक सफाई कामगार लांब दांड्याचा झाडू घेऊन त्यांच्या मागे मागे येत होता. त्याला थांब म्हणावेसे वाटले. सगळी उतरलेली नाहीत अजून.

मग ती दिसली. मीनलचा हात धरून चालत होती. वाळली होती. हिरवी शाल डोक्यावरून घेतलेली. तिने मला पाहिले आणि जागीच थांबली. मागच्या माणसाची बॅग तिच्या टाचेला लागली.

"तुमी गेले नाही?"

"नाही."

"काहून?"

"घर झाडायचे राहिले होते," मी म्हणालो.

मीनलला हसू आवरेना, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. म्हणाली, "बाबा, तुम्हाला माहीत आहे का हिने काय केलं? तुमचं विमान सहाव्या दिवशी होतं ना. फोन बंद. तुम्ही पोचल्याचं कळेना. तेव्हापासून चार दिवस हिने केबिन झाडू दिली नाही. तो सफाईवाला सकाळ-संध्याकाळ दारावर यायचा, आणि ही अर्धवट उठून त्याला मराठीत सांगायची, आमचे साहेब अजून पोचले नाहीत, उद्या या."

मालती म्हणाली, "समजलं त्याले. चांगल्या घरचा होता."

घरी आल्यावर तिने आधी जमिनीकडे पाहिले, मग माझ्याकडे. सपाता घातल्या. मी ते यंत्र सरळ केले आणि ते कामाला लागले. बराच वेळ फिरत होते. मग वसंताला फोन केला. म्हणालो, "पोचली." तो म्हणाला, "मंग झाडून घेतो आता. तुमी दोघं कधी येता?"

डिसेंबरात जाऊ, दोघे. थंडी संपली की परत येऊ. हे मी मालतीला विचारून लिहीत आहे.

त्या दहा दिवसांत तीन ठिकाणी केर साचला होता: सक्करदऱ्यात, नवव्या मजल्यावर आणि समुद्रात कुठेतरी एका लहानशा खोलीत. आपले घर आता कोणते, असे इथे-तिथे भेटणारे आपले लोक मला विचारतात. पूर्वी मी नागपूरचा पत्ता सांगत असे. आता एवढेच सांगतो, की जिथे पोचल्याचे कळवावे लागते ते घर, आणि मला ते एकाहून अधिक ठिकाणी कळवावे लागते.

तीन वर्षांपूर्वी आम्ही निघालो तेव्हा तुम्ही सगळे स्टेशनवर आला होतात. इथे आल्यावर मीनलने तुम्हाला फोन केला होता. मी काही कळवले नव्हते. तर हे पोचल्याचे पत्र समजावे. उशीर झाला, मान्य आहे. आता झाडून घ्या.