दोन बोटांएवढी रेघ

इरा, चिन्मय,

हे मी कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना माहीत होतं, पण ते गेले. इरा, रविवारी फोनवर तू विचारलंस – तुझी डॉक्टर विचारतेय, आईशिवाय घरात आणखी कुणाला कॅन्सर होता का? मी म्हणाले, नाही. हेच ‘नाही’ मी पूर्वीही एकदा म्हटलं होतं.

एका उन्हाळ्यात मी दौंडहून रोज पुण्याला जायचे. घरी सांगितलं होतं, इंग्रजीच्या शिक्षकांचं प्रशिक्षण आहे. नणंदबाई हसायच्या, “व्हय गं मास्तरीण, पोरांना शिकवायचं सोडून सवताच शाळंत बसलीस व्हय?” मी नवी वही घेतली होती. परतताना गाडीत तीत टिपणं लिहायचे – समास आखून, तारीख घालून. सगळी खोटी.

प्रशिक्षण नव्हतंच. मी रेडिएशनला जात होते. छातीत कॅन्सरची गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, लवकर आलात, सगळं काढायला नको. गाठ तेवढी काढू, मग सहा आठवडे रेडिएशन. दोन बोटांएवढी चीर. सगळं काढलं असतं तर ब्लाउजनंच सांगितलं असतं. पण माप घेणाऱ्या शिंपिणीलाही कळलं नाही.

तुमच्या आईसाठी, सुनीतासाठी, तेव्हा स्थळं पाहत होतो. आईचा आजार कळला तर सोयरीक मोडेल, म्हणून लपवलं. मग लग्न झालं, ती शिरूरला नांदू लागली. तेव्हा तरी सांगायचं होतं ना? – धडधाकट दिसणं मला आवडत होतं. एवढंच.

चिन्मय अंगावर पीत होता तेव्हा तिच्या हाताला छातीत गाठ लागली. मी सोबत गेले. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कुणाला कॅन्सर? सुनीता हसली, “छे हो बाई, आमच्या आईकडं बघा की, कशी ठणठणीत हाय!” दोघींनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणाले, नाही.

मग दुधाची गाठ असेल, बाई म्हणाल्या. दूध तुटल्यावर दाखवा. त्याला सात महिने लागले. त्या सात महिन्यांत मी नऊ वेळा शिरूरला गेले – दर वेळी सांगायचं ठरवून. दर वेळी चहा घेऊन परत.

पुण्याला नेलं तोवर छोट्या चिरेची वेळ गेली होती. सगळं काढलं. तरी पसरला. शेवटच्या आठवड्यात तिनं विचारलं, “आई, माझ्याच वाट्याला का गं आलं?”

मी तिची चादर सरळ केली.

इरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आहे. मला होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी, डाव्या बाजूला.

ती वही कपाटात आहे, तुमच्या आईच्या फाइलीखाली. माझ्या छातीवरची रेघ आता पांढरी पडली आहे. आणि मी अजून आहे.