तिसरी चिप आणि गार हीटसिंक

तिसरी चिपही तापून बंद पडली, तेव्हा थर्मामीटरने पेचकस असा काही आपटला की स्वयंपाकघरातून बायको ओरडली, "अहो, टेबल तरी शिल्लक ठेवा!"

थर्मामीटर हे काही त्याचं खरं नाव नव्हे. पण तीस वर्षं अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करणारा हा गृहस्थ कुठल्याही भागाला बोट लावून "पंचावन्न", "सत्तर" असं सांगायचा आणि ते जवळपास बरोबर निघायचं. बाजारात त्याला सगळे ह्याच नावाने हाक मारायचे आणि स्वारी ते नाव मोठ्या ऐटीत मिरवायची. तापमान मोजायचं यंत्र खणात धूळ खात पडलेलं. बोट असताना यंत्राला कशाला विचारायचं!

टेबलावर उघडून ठेवलेला डिजिटल अ‍ॅम्प गिऱ्हाइकाचा असता तर एक वेळ चाललं असतं. तो लेकीचा होता. पोरगी बँडमध्ये बेस गिटार वाजवायची आणि हा अ‍ॅम्प तीनदा ऐन गाण्यात मुका झाला होता. बँडच्या म्होरक्याने शेवटी सांगून टाकलं होतं, "शनिवारी पाच वाजता तालीम. तेव्हाही बंद पडला तर तुझ्या जागी कीबोर्डवाला घेणार." त्यावर बापाने छाती ठोकून म्हटलं होतं, "तू निर्धास्त राहा. माझ्या हातून गेलेला अ‍ॅम्प परत येत नाही."

आज शनिवार होता आणि चार वाजायला आले होते.

दुखणं तसं साधं. आवाज मोठा करणारी चिप वीस मिनिटांत इतकी तापायची की जळू नये म्हणून आपणच बंद व्हायची. इलाजही साधा. नवी चिप बसवायची, तिच्या पाठीवर उष्णता पुढे नेणारं मऊ राखाडी पॅड ठेवायचं आणि त्यावर हीटसिंक, म्हणजे कंगव्यासारखे दाते असलेला अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा, घट्ट कसायचा. एरवी तो पॅडऐवजी पांढरी पेस्ट लावायचा. ह्या खेपेला सुटे भाग विकणाऱ्या पार्टवाल्याने पॅडची पट्टी दिली आणि ती कशी लावायची ते सांगू लागला, तर हा त्याच्यावरच उखडला. "मला शिकवतोस? तुझं दुकान नव्हतं तेव्हापासून करतोय मी हे!" पट्टी खिशात आणि साहेब चालते झाले.

पहिली चिप वीस मिनिटं चालली, दुसरी सतरा, तिसरी अठरा. दर वेळी हीटसिंकला बोट लावावं तर तो गार. धड कोमटसुद्धा नाही. म्हणजे चिप तापलेलीच नाही, उगाच बोंब मारतेय, असा ह्याने निकाल लावला. माल खोटा! सकाळी दुसऱ्या चिपनंतर तो तरातरा दुकानात गेला आणि चार गिऱ्हाइकांसमोर पार्टवाल्याला नाही नाही ते बोलला. वीस वर्षांची दोस्ती, पण रागाच्या भरात तिची कुणाला आठवण!  पार्टवाल्याने तिसरी चिप तेवढी काउंटरवर ठेवली.

लेक गिटार पाठीला लावून समोर उभी राहिली. "झाला का, बाबा?"

"होतोय."

"नसेल होत तर मैत्रिणीचा नेते."

"उसना? माझ्या पोरीने? लोक तोंडात शेण घालतील माझ्या!"

 खाली वाकून तिने हीटसिंकला हात लावला. "हा गार आहे."

"तेच तर सकाळपासून बोंबलतोय मी!"

"पण त्याने तापायला नको का? चिपची उष्णता घ्यायलाच ठेवलाय ना तो?"

थर्मामीटरने पेचकस उचलला. मग त्याने भराभरा स्क्रू काढले. पॅडच्या एका बाजूचं निळं आवरण त्याने सोललं होतं. दुसऱ्या बाजूला तसंच एक आवरण होतं, अगदी पारदर्शक, आणि त्याच्याखाली हवेचे बारीक फुगे धरले होते. लेकीने ते नखाने अलगद सोडवलं. त्याने कचऱ्याच्या डब्यातून आधीची दोन पॅडं काढून पाहिली. त्यांच्यावरही तेच; उष्णता हीटसिंकपर्यंत पोचणार कशी! स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्यात असं त्याला वाटलं.

पुन्हा सगळं कसून होईतो सव्वाचार वाजून गेले.

"वीस मिनिटं चालवून बघू," तो म्हणाला.

"वेळ नाही, बाबा. नेते मी."

"आणि बंद पडला तर?"

"तर पडला," असं म्हणून तिने अ‍ॅम्प उचललासुद्धा.

घरात त्याला बसवेना. पाय आपसूक पार्टवाल्याच्या दुकानाकडे वळले. गिऱ्हाइकं होतीच. सकाळी त्यांच्यादेखत बोललो, आता त्यांच्यादेखतच गिळायचं, असं मनाशी घोकत तो काउंटरपाशी गेला आणि ते सोललेलं पारदर्शक आवरण पार्टवाल्यापुढे ठेवलं.

पार्टवाल्याने ते उजेडात धरलं. "दोन्ही बाजूंनी सोल, हेच सांगत होतो मी त्या दिवशी."

"चिपा चांगल्या होत्या. गाढवपणा माझा."

"ते मला सकाळीच माहीत होतं," पार्टवाला म्हणाला आणि आत वळून त्याने स्टूल पुढे सरकवलं.

थर्मामीटर बसला. मान वर करवत नव्हती. पाच वाजले, सव्वापाच झाले. पाच पंचविसाला खिशातला फोन वाजला. लेकीचा होता. मागे ढोल बडवल्यासारखा गलका.

"बाबा, पाच गाणी झाली! आणि हीटसिंकला हात लावला मी. चांगलाच चटका बसला!"

"किती असेल?" त्याने विचारलं. 

"मला काय माहीत? मी काय थर्मामीटर आहे?"