घरगाडीच्या विटलेल्या दिव्याबाबत

अर्जदार : माझी थोरली बहीण, वय त्रेसष्ट, धंदा घरकाम, राहणार बाभुळगाव. अर्ज तिने केलेला नाही.
गैरअर्जदार : मी स्वतः, वय पंचावन्न, धंदा अर्जनवीस, शिक्षण नववी पास, राहणार तेथेच.
साक्षीदार : एक, माझे भाऊजी, म्हणजे अर्जदाराचे पती, निवृत्त बसचालक. दोन, यवतमाळ रस्त्यावरचा मोटारमिस्त्री.
दिनांक : मागच्या उन्हाळ्यातले लागोपाठचे दोन सोमवार आणि त्यांच्या मधला शुक्रवार.
विषय : घरगाडीचा मागचा डावा ब्रेकचा दिवा बदलण्यास झालेला उशीर व त्याचा परिणाम.

नावे मुद्दाम लिहिलेली नाहीत. तीस वर्षे लोकांची नावे, बापांची नावे आणि गट क्रमांक लिहून हात थकला आहे. शिवाय ज्यांच्याविषयी लिहायचे त्यांच्याच घरी मी रोज सकाळी चहा पितो. रीतीप्रमाणे तक्रार अर्जदाराने करायची असते. माझ्या बहिणीने ती आजतागायत केलेली नाही आणि करील असे दिसत नाही. तक्रारीशिवाय प्रकरण उभे राहत नाही, म्हणून तिच्या वतीने ती मीच लिहीत आहे. मजकूर खरा आहे.

तहसील कचेरीसमोर टिनाच्या छपराखाली माझे टेबल आहे. शिक्षण नववीचे असले तरी माझ्या हातचा अर्ज भाषेच्या कारणाने परत आल्याचे मला आठवत नाही. माझे अक्षर आणि माझी ‘सबब’ व ‘तरी’ यांची मांडणी आल्यागेल्या साहेबांनी वाखाणली आहे. आता दोन्ही बाजूंना संगणकवाले बसतात. लोक अंगठा लावून पाच मिनिटांत मोकळे होतात आणि माझ्याकडे उरतात ते म्हातारे, ज्यांना आपले दुःख कोणीतरी पूर्ण ऐकून मग लिहावे असे वाटते. ते ऐकता ऐकता माझी दुपार जाते. हे सांगण्याचे कारण इतकेच, की कोणतीही गोष्ट अडली की आधी कागद काढायचा, ही माझी सवय धंद्यातून आलेली आहे.

घरगाडी म्हणजे भाऊजींची जुनी मिनीबस. ती आधी शाळेची मुले ने-आण करायची. निवृत्तीनंतर भाऊजींनी ती घेतली, सुतार आणि वेल्डर बसवून आतली बाके काढली आणि बहिणीला पाय लांब करून निजता येईल असा पलंग, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी, मागे पडदा लावून न्हाणी, असे सगळे केले. बहिणीच्या खुब्याचे ऑपरेशन झालेले आहे. तासाच्या वर बसून प्रवास डॉक्टरांनी बंद केला आहे. जन्मभर लोकांना फिरवणाऱ्या माणसाने बायकोला निजल्या निजल्या मुलूख दाखवावा म्हणून ही खटपट केली. गाडीचा प्रकार कागदोपत्री बदलण्याचे सर्व अर्ज मी लिहिले होते. ते मंजूर झाले, याचा मला आजही अभिमान आहे.

मागच्या उन्हाळ्यात त्या गाडीला खरे काम आले. भाची कोल्हापूरकडे दिलेली आहे. तिचे पहिलेच बाळंतपण, आणि पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे. पण आठवा महिना संपता संपता तिला रक्तदाबाचा त्रास निघाला आणि तिथल्या डॉक्टरीणबाईंनी प्रवासाला साफ मनाई केली. व्याह्यांच्या दोन खोल्या, माणसे सहा, संडास माडीवर. बहिणीला तो जिना चढता येत नाही. आठ दिवस घरात हाच विषय होता. मग एका संध्याकाळी बहीणच म्हणाली,

“लेक माहेरी येऊ शकत नाही त माहेर घेऊन जाऊ तिच्याकडे. गाडी दारात उभी करू. सकाळ-संध्याकाळ ती माह्यापाशी येऊन बसंल, मी तिले शेकाले-चोळाले मोकळी.”

भाऊजी लगेच टाकी धुवायला उठले. बहिणीने डिंक आणला, अळीव आणले, जुन्या नऊवाऱ्यांची दुपटी शिवली. बाळंतपणाची जी तारीख दिलेली होती तिला अजून वीस दिवस होते. अडचण एकच, गाडीच्या पासिंगची मुदत संपत आली होती. भाऊजींनी सोमवारची वेळ घेतली आणि शनिवारी गाडी मिस्त्रीकडे नेली. मीही बरोबर गेलो.

मिस्त्रीने सगळी गाडी पाहिली. ब्रेक, हॉर्न, काचेच्या पुसण्या, टायर, काहीच दोष नव्हता. मागे येऊन मात्र तो थांबला. गाडी दोन उन्हाळे अंगणात एकाच दिशेने उभी होती. तिची डावी मागची बाजू रोज दुपारचे ऊन खायची. त्या बाजूच्या दिव्याची काच विटून बडीशेपेच्या गोळीसारखी गुलाबी झाली होती. आतला बल्ब चांगला होता, पण बाहेर उजेड यायचा तो लाल म्हणवत नव्हता.

“जयभीम, वकीलसाहेब,” मिस्त्री मला नेहमी असेच चिडवतो. “हे काच बदलाच लागते. पन या मॉडेलचा माल आता येऊन नाही राह्यला. भंगारात पाहा लागन. सोमवारपावतर लाल लॅकर मारून देऊ काय? कोनाले समजत नाही.”

“मारून दे,” भाऊजी म्हणाले. “पासिंग झालं की काच शोधू.”

मी म्हणालो, “असं करता येत नाही. शासनाची फसवणूक होते ती. मी अर्ज लिहितो. दिवा बदलण्यासाठी पंधरा दिवसांची मुदत मागू. रीतसर.”

“बुवा, दिवा आहे तो, वावर नोहे,” भाऊजी म्हणाले. पण ते सरळ माणूस; माझ्या लिखाणापुढे ते कधी फार बोलत नाहीत. लॅकरची डबी मिस्त्रीने पुन्हा फळीवर ठेवली.

रविवारी मी अर्ज लिहिला. दोन वेळा कच्चा, मग पक्का, तीन प्रतींत. दिव्याचे वर्णन करण्यासाठी मी अंगणात गेलो, भाऊजींना ब्रेक दाबायला लावला आणि पावले मोजली. मजकूर असा होता : ‘सदर वाहनाचा मागील डावा दिवा सूर्यप्रकाशामुळे विटला असून, ब्रेक दाबला असता त्याचा प्रकाश दहा पावलांवरून दिसून येत नाही.’ वाक्य चांगले झाले होते. मी ते बहिणीला वाचून दाखवले. ती पलंगावर दुपट्यांच्या घड्या करीत होती. “चांगलं लिहिलं,” ती म्हणाली.

सोमवारी तपासणीच्या मैदानावर अकरा वाजता नंबर लागला. बहीण मागे पलंगावरच होती. पासिंग झाले की तसेच पुढे निघायचे असे ठरले होते. डिंकाचे लाडू, दुपटी, गॅसचा भरलेला सिलिंडर, सगळे गाडीत. साहेब तरुण होते, घामाने भिजलेले, आवाज बसलेला. त्यांनी गाडीला फेरी मारली. भाऊजींनी ब्रेक दाबला तेव्हा त्यांनी डाव्या दिव्यावर हाताची सावली धरून आत पाहिले आणि म्हणाले, “काच जुनी झालीय. लवकर बदलून घ्या.” एवढे बोलून ते पुढे गेले आणि कागदावर लिहू लागले.

तेवढ्यात मी खिडकीवरून अर्जावर आवकचा शिक्का मारून घेऊन आलो आणि साहेबांच्या हाती दिला.

त्यांनी तो उभ्या उभ्या वाचला. “काका, हा अर्ज तुमचा?”

“अर्ज गाडीमालकाचा. मजकूर माझा.”

“दहा पावलांवरून दिसत नाही, असं लिहिलंय.”

“पावले मोजली आहेत, साहेब.”

“मी आत्ता पाहिला. मला दिसला.”

“आपण सावली धरून पाहिला,” मी म्हणालो.

भाऊजी गाडीतून उतरून आले आणि माझी बाही ओढू लागले. “चाल न बुवा. चाल.” पण तोवर बोलून झाले होते. साहेबांनी कागद पुन्हा वाचला. मग त्यांनी कपाळ पुसले. “मुदत द्यायचा अधिकार मला नाही. आणि मालकानेच लेखी दिलंय, शिक्का पडलाय, की दिवा दिसत नाही. यावर मी गाडी पास कशी करू? दिवा बदला, पुढच्या सोमवारी आणा.”

आम्ही परत निघालो. यवतमाळ मागे पडल्यावर पलंगावरून आवाज आला, “काहून परत चाललो? काय झालं?”

“दिव्याचं,” भाऊजी म्हणाले. “आठ दिवस.”

“दिसला काय त्याइले?”

“लेखी होतं,” भाऊजी म्हणाले.

रात्री भाऊजी म्हणाले, तसेच निघू, जे होईल ते होईल. मी त्यांना समजावले की आता दोष कागदावर आला आहे, रस्त्यात काही झाले तर आपल्याच सहीचा पुरावा आपल्यावर येईल. हेही मीच केले, ते इथे नमूद करतो. तीस वर्षांत एकदाही दंड न भरलेले भाऊजी माझे ऐकून थांबले.

मंगळवार ते गुरुवार आम्ही दोघे दुचाकीवर भंगारवाल्यांकडे फिरलो. आर्णीला गेलो, यवतमाळला दोनदा गेलो. उन्हात चकाकणाऱ्या पत्र्यांच्या ढिगांनी माझे डोळे जळत. ओळखीचे भंगारवाले मला खुर्ची द्यायचे, मी बसायचो आणि भाऊजी ढिगात शिरायचे. गुरुवारी दुपारी नेरला एका उलटलेल्या मिनीबसची काच सापडली. लाल, गर्द, जवळजवळ नवी. फक्त स्क्रूची छिद्रे अर्धा बोट अलीकडे होती.

शुक्रवारी सकाळी मिस्त्री सामान घेऊन अंगणात आला. जुनी काच काढून त्याने जमिनीवर वर्तमानपत्रावर ठेवली, नव्या काचेला तापवलेल्या सळईने छिद्रे पाडली, खालचा गंजलेला पत्रा कानशीने घासला, वायर कापून नवी जोडली. ब्रेक दाबायला कोणी हवे होते. भाऊजी मागे काच धरून बसलेले आणि मला त्या उंच पायरीवर चढताना गुडघा साथ देत नाही. तेव्हा गाडीतच पलंगावर असलेली बहीण काठी टेकत चालकाच्या बाकापर्यंत आली, आडवी बसली आणि काठीनेच ब्रेक दाबू लागली.

“दाबू काय?”

“दाब,” भाऊजी म्हणाले.

“लाल दिसते?”

“लाल म्हंजे लाल! टमाट्यावानी,” मिस्त्री म्हणाला.

“मोठे भाऊ असतीन तिथं त त्याइले म्हना, पावलं मोजून घे,” ती आतून म्हणाली. ती माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठी, पण चिडवायचे असले की मला मोठे भाऊ म्हणते. मिस्त्री हसला. मीही हसलो. त्या आठवड्यात मला हसू आले ते तेवढेच.

तेव्हाच भाऊजींचा फोन वाजला. फोन मागच्या चाकापाशी ठेवला होता. हात ग्रीसचे, म्हणून त्यांनी आवाज मोठा केला. भाची होती. गाडीमुळे उशीर होतोय एवढेच तिला माहीत होते.

“बाबा, मले आत घेऊन चालले. दाब वाढला म्हणते, आताच काढतीन म्हणते बाळ. तुमी निघाले न? कुठंपावतर आले?”

भाऊजींनी माझ्याकडे पाहिले नाही. जमिनीवर पडलेल्या जुन्या काचेकडे पाहत ते म्हणाले, “निघालो, बाळा. दारव्हा मागं टाकलं. येऊनच राह्यलो.”

“आई झोपली काय?”

“झोपली.”

“तिले नको उठवू,” भाची म्हणाली आणि फोन ठेवला गेला.

बहिणीने सगळे ऐकले होते. तिने काठी उचलली नाही. नवा दिवा तसाच लाल जळत राहिला, मिस्त्रीने दोनदा “सोडा आता ताई” म्हटले तरी. शेवटी भाऊजींनी उठून दाराशी जाऊन तिच्या हातातली काठी हळूच घेतली, तेव्हा तो विझला.

दुपारी निरोप आला. मुलगी झाली, दोघी सुखरूप. शुद्धीवर आल्यावर भाचीने आई आली का असे विचारले आणि विहीणबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, असे जावयाने सांगितले. सोमवारी गाडी पास झाली. साहेबांनी दिव्याकडे फार पाहिलेही नाही. मंगळवारी पहाटे ते दोघे निघाले आणि दीड महिना व्याह्यांच्या दारात गाडी उभी करून राहिले. बहिणीने नातीला रोज न्हाऊ घातले. भाचीने बाबांना त्या शुक्रवारच्या खोट्या बोलण्याबद्दल विचारले की नाही, ते मला कोणी सांगितलेले नाही.

परत आल्यापासून मी पूर्वीप्रमाणे सकाळी चहाला जातो. कपात साखर तितकीच असते. ती नातीचे फोटो दाखवते, खुब्याचे सांगते, तहसीलमध्ये कोण भेटले ते विचारते. त्या सोमवारचा विषय ती काढत नाही. मी दोनदा काढला, तर एकदा ती दूध उतू जाते म्हणून उठली आणि एकदा म्हणाली, “तुह्या हातून चुकीनं झालं, सोड.” ज्या आवाजात तिने ते म्हटले, तो आवाज मी टेबलावर रोज ऐकतो. ज्यांचे प्रकरण कायमचे बंद झाले, ते शेवटी याच आवाजात बोलतात.

सबब, अर्जदारास विनंती की, तिने या प्रकरणी आपले म्हणणे स्वतः, दोन शब्दांत का होईना, सांगावे. रागाने सांगितले तरी गैरअर्जदाराची हरकत राहणार नाही. प्रवासाचे ते आठ दिवस भरून मिळण्याची कोणतीही तजवीज गैरअर्जदाराच्या हाती नाही, हे तो मान्य करतो. तरी प्रकरणाचा विचार होऊन, योग्य तो निर्णय चहाच्या वेळी तोंडी कळवण्याची कृपा व्हावी. लेखी नको.